मिताहार आणि आग्रह

स्वतःच्या घरीं, स्वतःच्या ताटावर मिताहार पाळणें फारसें कठीण नाहीं. घरच्यांना सांगून ठेवलें, तुपाची बरणी नजरेआड केली, रात्रीचा भात सोडला, कीं दोन महिन्यांत सदरा सैल होऊं लागतो. परंतु वैशाखांतली लग्नसराई आली, किंवा गणपति-दिवाळीचे दिवस आले, कीं तोच निग्रही गृहस्थ चौथ्या जिलबीला नको म्हणतां म्हणतां पांचवी पानांत पाडून घेतो, आणि घरीं परततांना आपल्या दुबळ्या मनाला दोष देतो. या दोषांतला बराचसा भाग एकट्या त्याच्या पदरीं घालणें अन्यायाचें आहे, असें आमचें मत आहे. महाराष्ट्रांत लोक काय जेवीत, केवढें जेवीत, याच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. 'पुरे' हा शब्द ते केव्हां आणि कोणत्या बळावर उच्चारूं शकत, याचा विचार मात्र क्वचित् होतो. तो येथें थोडक्यांत करावयाचा आहे.

आमच्या वैद्यकानें स्थूलतेचा विचार फार पूर्वीं केला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत आठ प्रकारच्या निंद्य शरीरांवर एक अध्यायच आहे. फार उंच, फार ठेंगू, फार केसाळ, मुळींच केस नसलेला, फार काळा, फार गोरा, आणि शेवटीं अतिस्थूल व अतिकृश. पहिल्या सहांची नुसती नांवें सांगून ग्रंथकार पुढें जातो आणि सारा विवेचनाचा भर शेवटच्या दोघांवर देतो. त्या दोहोंतही कृशता पत्करली, असा त्याचा निर्णय आहे. कारण स्थूलाची चिकित्सा अधिक अवघड. वाग्भटानें पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नानें व एक द्रवानें भरावा, आणि चौथा वायूसाठीं मोकळा ठेवावा, असें सांगितलें. गीतेच्या सहाव्या अध्यायानेंही अति खाणारा आणि मुळींच न खाणारा या दोघांनाही योगाच्या बाहेर ठेवलें. हे सर्व नियम उत्तम आहेत. पण चरकाचा आणखी एक नियम आहे कीं जेवतांना बोलूं नये, हंसूं नये, जेवणांतच मन ठेवून जेवावें. तो अक्षरशः पाळला तर कोणत्याही लग्नाची पंक्ति बसणार नाहीं. वैद्याच्या डोळ्यांपुढचा जेवणारा हा एकटा माणूस आहे. त्याच्या पानाशीं पळी घेऊन उभा राहिलेला यजमान त्या चित्रांत कोठेंच दिसत नाहीं.

तो यजमान दिसतो व्हेनिसच्या एका म्हाताऱ्याच्या पुस्तकांत. लुइजी कोर्नारो हा तेथील श्रीमंत कुळांतला पुरुष. तरुणपणीं खाण्यापिण्याचा अतिरेक करून चाळिशीच्या सुमारास तो जर्जर झाला; वैद्यांनीं मिताहार सांगितला; आणि त्यानें दिवसाला १२ औंस अन्न व १४ औंस द्राक्षासव असें माप ठरवून तें वर्षानुवर्षें पाळलें. त्याचें मिताहारावरचें पुस्तक १५५८ सालीं छापलें गेलें, आणि पुढें युरोपांतील अनेक भाषांत त्याचीं भाषांतरें झालीं. त्यांत आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो एक लहानसा प्रसंग. सत्तरी ओलांडल्यावर त्याच्या आप्तेष्टांनीं धोशा लावला कीं या वयांत इतकें थोडें खाऊन शरीर टिकणार कसें? त्यानें आपल्या बाजूनें पुष्कळ वाद घातला, पण अखेर त्यांच्या प्रेमापुढें मान तुकवून दोन्हीं मापें दोन दोन औंसांनीं वाढविलीं. दोन औंस म्हणजे आपल्या हिशेबानें पांचेक तोळे! थोड्याच दिवसांत त्याचें चित्त खिन्न झालें, ज्वर आला, आणि पुन्हां जुन्या मापावर येईपर्यंत त्याला उतार पडला नाहीं. पुढें १५६६ सालीं, ऐंशी केव्हांच मागें टाकून, तो वारला. ज्या माणसानें जगाला मिताहार शिकविला, त्याचा नेम भुकेनें मोडला नाहीं. तो घरच्या माणसांच्या मायेनें मोडला.

आतां आपल्या पंक्तीकडे वळूं. जुन्या पंक्तीच्या भोजनाची रचना पाहिली तर तींत आग्रहाला जशी जागा आहे, तशी त्याला एक मर्यादाही आहे. आरंभीं चित्राहुति घालून आपोशन घ्यावयाचें. शेवटीं ताकभात झाला कीं उत्तरापोशन घ्यावयाचें. आणि तें एकदां घेतलें कीं पानांत कांहीं वाढतां येत नसे. एवढ्या एका पळीभर पाण्यानें भोजनाला निश्चित शेवट होता. पण त्या दोन आपोशनांच्या मध्यें जो काळ जाई तो सर्वस्वी वाढप्यांचा असे. सर्वांचें जेवण होईपर्यंत कोणी उठावयाचें नाहीं, असा शिष्टाचार. म्हणजे शेजारचा सावकाश जेवणारा असला कीं वाढपी जातां येतां आपल्याही पानाकडे पाहणार. पानावर हात आडवा धरावा, तर बोटांच्या फटींतून तूप ओतणारे वस्ताद वाढपी होतेच. लाडवांच्या आणि जिलब्यांच्या पैजा लागत, आणि विहिणींच्या पंक्तींत तर आग्रहाचीं गाणींच म्हटलीं जात.

हें सर्व केवळ खादाडपण होतें, असें म्हणणारे सुधारक गेल्या शतकांत झाले, आणि अलीकडेही आहेत. आम्हांस तें पटत नाहीं. ज्या देशांत पोटभर अन्न ही रोजची गोष्ट नव्हती, त्या देशांत आग्रहाचा अर्थ निराळा होता. १८७६-७७ च्या दुष्काळांत दख्खनचे जिल्हे ओस पडले. १९४३ सालीं खुद्द मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें. १९७२ चा दुष्काळ तर आज साठी-सत्तरीच्या घरांत असलेल्यांनीं स्वतः पाहिला आहे. मिलोचे लाल जोंधळे निवडून ज्यांनीं भाकरी केल्या, त्या बायकांनीं पुढें लेकीच्या लग्नांत पाहुण्याच्या पानांत बळेंच पोळी टाकली, तर तिला निव्वळ अशिष्टपणा म्हणवत नाहीं.

शिवाय अन्न घेणें हा केवळ पोटाचा व्यवहार नव्हता. सवाई माधवरावाचें लग्न १७८३ सालीं पुण्यास झालें, त्या समारंभांत मानकऱ्यांच्या सरबराईची जी काळजी घेतली गेली, ती कोणाचा मान कोठें हें पंक्तींत ठरत असे म्हणूनच. आणि पुढें शंभर वर्षांनीं, १८९० सालीं, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें रानडे, टिळक आदि मंडळींपुढें चहा ठेवला गेला, तेव्हां त्या पेल्याभर चहानें केवढा वाद माजला! ग्रामण्य झालें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, प्रायश्चित्तें झालीं. चहाच्या पौष्टिकतेबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. ज्याच्या हातचें तुम्ही घेतां त्याचे तुम्ही झालांत, आणि ज्याच्या हातचें नाकारतां त्याला तुम्ही परका केलात, हा त्या वादाचा गाभा होता. आज जातींचीं तीं बंधनें शहरांत बरींच सैल झालीं आहेत. पण नाकारलेल्या घासाचा अर्थ तोच राहिला आहे. दुसरी अडचण भाषेची. पाहुण्यानें दोनदां नको म्हणावें आणि तिसऱ्यांदां घ्यावें, हा संकोच आपल्याकडे सभ्यपणाचें लक्षण मानला गेला. त्यामुळें 'नको' या शब्दाचा पंक्तींतला अर्थ 'आणखी एकदां विचारा' असा होऊन बसला. खरोखरच नको असलेल्या माणसानें मग कोणता शब्द वापरावा?

तो शब्द आपल्या पूर्वजांनीं शोधून ठेवला होता. तो म्हणजे 'नेम'. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचा चातुर्मास हा नेमांचा काळ. कोणी एकभुक्त राही, कोणी रात्रींच जेवी, कोणी धारणें-पारणें करी, कोणी एखादा आवडता पदार्थ सोडी. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून कांद्याला निरोप द्यावयाचा, आणि वांग्याची भेट थेट चंपाषष्ठीला घ्यावयाची, हा तर घरोघरचा क्रम. यांत आरोग्य किती साधे तो प्रश्न निराळा. पाहण्यासारखी गोष्ट ही कीं 'माझा नेम आहे' असें म्हणतांच यजमानाचा हात जागच्या जागीं थांबे. एवढेंच नव्हे, तर तोच यजमान धांवपळ करून नेमांत बसेल असें कांहीं आणून देई. कारण दुसऱ्याचा नेम मोडणें हें पाप त्याच्या माथीं येणार होतें. ज्या आग्रहाची तलवार पाहुण्यावर चालावयाची, तीच आतां त्याचें रक्षण करूं लागे.

या युक्तीचा सर्वांत विचारपूर्वक उपयोग गांधींनीं केला. १९१५ सालीं हरिद्वारच्या कुंभमेळ्याच्या वेळीं त्यांनीं व्रत घेतलें कीं हिंदुस्थानांत चोवीस तासांत पांचांहून अधिक जिन्नस खावयाचे नाहींत आणि अंधार पडल्यावर जेवावयाचें नाहीं. त्याचें कारण त्यांनीं आत्मकथेंत दिलें आहे. आपण जेथें उतरतों तेथें यजमान आपल्यासाठीं नाना पदार्थांचा खटाटोप करतात, त्यांना फार कष्ट व खर्च होतो, हें त्यांना सलत होतें. म्हणजे हा आहारनियम मुख्यतः दुसऱ्याच्या घरीं पाळण्यासाठींच घडविलेला होता. 'मला थोडेंच वाढा' ही विनंती कोणी ऐकली नसती. पांच हा आंकडा मात्र यजमानालाही मोजतां येत होता.

अर्थात् व्रतालाही भोंक पडतेंच. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण कांहीं परक्यांनीं केलेली नाहीं. उपासाच्या ताटांतला साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा. तो कंद, बटाटा, रताळें, शेंगदाणा आणि हिरवी मिरची हीं सारीं मूळचीं अमेरिकेंतलीं. फिरंगी जहाजांनीं तीं या बाजूला आणलीं, आणि प्राचीन स्मृतिकारांनीं ज्यांचीं नांवेंही ऐकलीं नव्हतीं म्हणून त्यांचा निषेध केला नव्हता, तीं आपण उपासाला पवित्र ठरविलीं. साजूक तुपांतली साबुदाण्याची खिचडी ही कोणत्याही मिताहाराच्या कोष्टकांत बसणारी वस्तु नव्हे. तथापि येथेंही यजमानाला मोडतां न येणारी मर्यादा आहेच. ती नको त्या ठिकाणीं आंखली गेली, एवढेंच.

व्रताचें हें बळ धर्मश्रद्धेंतून येतें, कीं सर्वांनीं मिळून पाळण्यांतून येतें? या प्रश्नासाठीं आम्ही वाचकांस पुण्याच्या पंक्तींतून उठवून खाडीकाठीं नेतों. नव्या मुंबईंत बेलापूरच्या किल्ल्यालगत दिवाळे म्हणून कोळ्यांचें जुनें गांव आहे. भोवतीं उंच इमारती उठल्या, पण गांवाच्या धक्क्यावर होड्या अद्याप लागतात. येथें, आणि कोंकणकिनाऱ्यावर सर्वत्रच, पावसाळ्यांत मासेमारी बंद ठेवण्याची चाल पुरातन आहे. होड्या वर ओढून ठेवावयाच्या, जाळीं दुरुस्त करावयाचीं, आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहूनच पुन्हां पाण्यांत उतरावयाचें. वादळी दर्या आणि माशांच्या विणीचा हंगाम, हीं दोन्हीं कारणें त्यामागें आहेत. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ सालीं झाला, आणि आतां १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक नौकांना सरकारी बंदीच असते. वल्ह्याशिडाच्या होड्यांना तींतून सूट आहे. या बंदीचें मर्म असें कीं ती एकट्यानें पाळण्यांत कांहींच अर्थ नाहीं. एका नाखव्यानें जाळें आवरलें, तर त्यानें सोडलेला मासा शेजारचा नेईल. सगळ्यांच्या नौका किनाऱ्यावर असतात म्हणूनच कोणाला आपण हरलों असें वाटत नाहीं.

ताटाच्या बाबतींतही या गांवांची रीत अशीच आहे. मासळी हें ज्यांचें रोजचें अन्न आणि रोजचा धंदा, त्यांच्याही घरीं सोमवार, गुरुवार, शनिवार असे वार पाळणारीं माणसें असतात. श्रावण पाळतात, मार्गशीर्षांतले गुरुवार पाळतात. आगरी-कोळी समाजांत लग्नाच्या आदल्या रात्रीं हळद असते. धवलारीण धवले गाते, अंगणांत सारा गांव जमतो, तांदळाचे वडे आणि मटणाचीं पातेलीं उतरतात, आणि 'घे रं दादा' या दोन शब्दांपुढें भले भले शरण जातात. अशा रात्रीं जो सांगतो कीं 'आज माझा गुरुवार आहे', त्याला निमूटपणें वेगळें ताट मिळतें. कोणी थट्टाही करीत नाहीं. जो सांगतो कीं 'डॉक्टरांनीं साखर वाढल्याचें सांगितलें आहे', त्याला सहानुभूति मिळते आणि गोड टळतें. आणि जो सांगतो कीं 'मी वजन कमी करीत आहें', त्याच्या ताटांत आणखी दोन वडे पडतात. यांत त्या यजमानाचा दुष्टपणा नाहीं. पहिल्याचें नाकारणें देवाच्या नांवें आहे, दुसऱ्याचें रोगाच्या नांवें. तिसऱ्याचें मात्र त्याच्या स्वतःच्या इच्छेवर आहे. आणि इच्छा बदलतां येते, अशी आपल्या समाजाची ठाम समजूत आहे.

या जेवणाचें प्रमाण ज्या काळीं ठरलें, त्या काळचें अंगमेहनतीचें प्रमाणही लक्षांत घ्यावयास हवें. वल्हीं मारणें, गुडघाभर चिखलांत उतरून निवट्या आणि चिंबोऱ्या धरणें, मिठागरांत मीठ ओढणें, खाजणाचीं भातशेतें राखणें, हा या पट्ट्यांतल्या लोकांचा दिनक्रम होता. १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठीं ठाणें, पनवेल व उरण या भागांतल्या ९५ गांवांची जमीन घेण्याचें ठरलें. शेतें गेलीं, पुष्कळ मिठागरें गेलीं, होड्यांना डिझेलचीं यंत्रें आलीं; मुलें कचेऱ्यांत आणि गाड्यांवर गेलीं. श्रम बदलले, हळदीचें पातेलें मात्र आजोबांच्याच मापाचें राहिलें. हें आम्ही कोळ्या-आगऱ्यांस नांवें ठेवण्यासाठीं लिहीत नाहीं. पुण्या-मुंबईचे आम्ही पांढरपेशे तर त्यांच्याही आधीं खुर्चीवर बसलों, आणि मोदकांची संख्या आम्हीही कमी केली नाहीं.

या खुर्चीचें भय किती खरें आहे, तें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं दाखवून दिलें. २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत त्यांचें आणि त्यांचे इंग्रज स्नेही जॉन युडकिन यांचें एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें वजनाचा जो अंक काढतात, तो दोघांचाही २२.३, म्हणजे अगदीं सारखा. पण शरीरांतली चरबी मोजली तेव्हां युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसावयास सडपातळ आणि आंतून मेदस्वी, असा आपला पिंड. त्यामुळें 'तुम्हांला कशाला हवा मिताहार, तुम्ही तर बारीकच आहां' हें जें पंक्तींतलें ठरलेलें वाक्य, तें आपल्या लोकांच्या बाबतींत विशेषच घातक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें देशांत १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. जुन्या आग्रहानें फार तर एक रात्र अजीर्ण होत असे. आजचा आग्रह दृष्टि आणि मूत्रपिंड यांवर जातो.

येथें एका पक्षाची बाजू सांगितली पाहिजे. आग्रह करणारी बहुधा स्त्री असते. दिवसभर चुलीपाशीं, आतां गॅसपाशीं, उभें राहून जिनें पुरण वाटलें, तिच्या कौशल्याची पावती पाहुण्याच्या पानांतच मिळावयाची. दुसरी कोठें ती मिळत नव्हती. पुरुषांच्या पंक्ति उठल्यावर तिनें बसावयाचें, थंड झालेलें खावयाचें, आणि उरलेलें वायां जाऊं नये म्हणून तेंही संपवावयाचें. या शेवटच्या खाण्याचा हिशेब कोणत्याही आहारकोष्टकांत नसतो. उपास तिला सर्वांत अधिक, आणि मिताहार पाळण्याचें स्वातंत्र्य सर्वांत कमी. ज्याला खरोखर 'नको' म्हणावयाचें असेल, त्यानें तिचें श्रम आधीं पाहावे आणि मग पानावर हात धरावा.

आधुनिक आहारपद्धतींचा जनक म्हणून लंडनच्या विल्यम बॅंटिंगचें नांव घेतात. हा प्रेतसंस्काराची व्यवस्था करणारा व्यापारी. वयाच्या ६६ व्या वर्षीं वजन २०२ पौंड. पाव, साखर, बटाटे, बिअर सोडून त्यानें वर्षभरांत ४६ पौंड उतरविले आणि १८६३ सालीं त्याची हकीकत छापली. त्याच्या नांवाचें इंग्रजींत क्रियापदच झालें. आपल्याकडे मात्र ज्या पद्धतीनें अलीकडे घरोघर प्रवेश केला, ती निराळ्या घाटाची आहे. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं ती प्रसृत केली. भुकेच्या दोन वेळा ओळखाव्या, दोनदांच जेवावें, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावें, मध्यें कांहीं खाऊं नये, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावें. याच्या उलट दर दोन तासांनीं थोडें थोडें खावें, असें ऋजुता दिवेकर यांनीं आपल्या २००९ च्या पुस्तकांत सांगितलें होतें. या दोहोंत शास्त्रदृष्ट्या बरोबर कोण, याचा निवाडा वैद्यांनीं करावा; मधुमेहाचीं औषधें घेणाऱ्यानें तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्यावांचून बदलूंच नयेत. इतिहासाच्या दृष्टीनें आम्हांस एवढेंच दिसतें कीं दोन जेवणांच्या पद्धतीनें माणसाच्या तोंडीं एक वाक्य दिलें. 'माझीं दोन जेवणें झालीं.' हें वाक्य ऐकणाऱ्याला ओळखीचें वाटतें. आजीचें एकभुक्त त्यानें पाहिलेलें असतें. 'मी दर दोन तासांनीं थोडें खातों' असें म्हणणाऱ्याला मात्र कार्यांत टाळतां येण्यासारखी वेळच उरत नाहीं, कारण कोणतीही वेळ त्याच्या खाण्याचीच असते!

आतां पंक्ति जाऊन बुफे आला आहे. पळी घेऊन कोणी मागें लागत नाहीं, तेव्हां आग्रह संपला असें वाटावें. पण उत्तरापोशनही त्याच्याबरोबर गेलें, आणि हातांत ताट आहे तोंवर जेवण चालूच आहे अशी स्थिति झाली. आणि वधूवरांचीं मातापितरें प्रत्येक घोळक्यापाशीं येऊन 'कांहीं घेतलें नाहींत' म्हणून जातातच. एक सुधारणा मात्र या काळांत सहज रुळली. आहेर देणें-घेणें हा एके काळीं कार्याचा कणा होता, आणि त्यापायीं दोन्हीं पक्षांची ओढाताण होत असे. पुढें कोणीतरी लग्नपत्रिकेच्या तळाशीं 'कृपया आहेर आणूं नये' अशी ओळ छापली. ती कोणाला उद्धट वाटली नाहीं, आणि आज ती पुष्कळ पत्रिकांवर असते. 'कृपया आग्रह करूं नये' अशी ओळ आम्हीं अद्याप एकाही पत्रिकेवर पाहिलेली नाहीं.